झोळी आणि पडदा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अहेरीच्या बाजारात दुकानोदुकानी वहीपूजन चालते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढतात, हळदकुंकू वाहतात आणि आल्यागेल्याच्या हातावर बत्तासे ठेवतात. लहानपणी मला या समारंभाचे मोठे नवल वाटे. वर्षभर जिच्यात तेलामिठाची उधारी लिहावयाची, त्या वहीपुढे निरांजन कशासाठी? आता चाळिशी ओलांडल्यावर थोडेसे उमगते. पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे जी खरेखरे सांगते, तिला नमस्कार करावयाचा, एवढाच त्याचा अर्थ असावा.

आज मला अशाच एका वहीविषयी लिहावयाचे आहे. ती दुकानाची नाही, शाळेची आहे. शाळेसाठी पैसा मागण्याची एक नवी रीत अलीकडे निघाली आहे आणि त्या रीतीत ही वही हरवत चालली आहे, अशी माझी तक्रार आहे. फराळाच्या ताटावर तक्रार मांडू नये हे मला कळते. पण वर्षातून एकदाच एवढी कुटुंबे निवांत बसून वाचतात. मग तक्रार मांडावी तरी केव्हा?

नवी रीत अशी. कोणाला शिक्षणाच्या क्षेत्रात काही करावयाचे असले, म्हणजे शाळा, शिकवणी, मोबाईलवरून शिकविण्याची एखादी युक्ती, तर त्याने पैसेवाल्यांच्या मंडळापुढे पाच-दहा मिनिटे उभे राहावयाचे, मागच्या पडद्यावर चित्रे आणि आकडे दाखवावयाचे आणि पैसा मागावयाचा. याला 'पिच' म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'शार्क टँक इंडिया' हा कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला आणि ही गोष्ट घरोघर माहीत झाली. आमच्या आळीतली पोरेदेखील 'माझ्या कंपनीची दहा टक्के मालकी घ्या' असा खेळ खेळतात. खेळ म्हणून तो वाईट नाही. पण जो नियम चपलांच्या आणि लोणच्यांच्या धंद्याला लावावयाचा, तोच शाळेला लावला की काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि त्यात मी नुसता बघ्या नव्हतो, हेही सांगावयाचे आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. गेली वीस वर्षे या भागात लहान मुलांना शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे सजवून सांगणे हा माझा जोडधंदाच आहे, हे आधी कबूल केलेले बरे. अहेरीपासून काही मैलांवर, जंगलाच्या कडेला, एक टोला आहे. तेथे संध्याकाळी मी एक अभ्यासवर्ग चालवितो. मुले ४०. घरी ती माडिया बोलतात. सहाव्या वर्षी शाळेत जातात, तेव्हा पुस्तक मराठीत असते आणि बहुतेक वेळा मास्तरही. 'बस', 'ये', 'तहान लागली का', एवढेसुद्धा परक्या भाषेत ऐकावयाचे. मूल गप्प बसते आणि गप्प बसले म्हणून मठ्ठ ठरते. असे मठ्ठ ठरलेले मूल तिसरी-चौथीत कधीतरी आईबरोबर मोहफुले वेचायला जाते आणि मग वर्गात परत येत नाही.

यावर मला सुचलेला उपाय अगदी साधा आहे. टोल्यावरचीच एक दहावी झालेली मुलगी रोज दोन तास माझ्याबरोबर वर्गात बसते. मी मराठीत सांगतो, ती माडियात सांगते. हळूहळू मुले दोन्हींत बोलू लागतात. तिला महिना ६,००० रुपये, असे दहा महिने, म्हणजे ६०,०००. पुस्तके, वह्या, पाट्या यांना १२,०००. सौर दिवे आणि चटया ८,०००. एकूण ८०,००० रुपये. मुलामागे वर्षाला २,०००. एवढीच माझी मागणी होती.

एका मोठ्या शहरात शिक्षणातल्या नव्या उपक्रमांची स्पर्धा होती. एका स्नेह्याने माझे नाव घातले आणि मी गेलो. आदल्या दिवशी सल्लागारांनी आम्हां उमेदवारांची तयारी करून घेतली. माणसे वाईट नव्हती, मनापासून मदत करीत होती, हे आवर्जून सांगतो. त्यांनी माझा कागद वाचला आणि म्हणाले, "गुरुजी, चाळीस मुलांसाठी कोणी खिशात हात घालत नाही. दहा हजार म्हणा."

मी म्हणालो, "दहा हजार मुलांना अशा अडीचशे मुली लागतील. त्या कोठून आणू?"

"मुली कशाला? ॲप करा."

मग 'बाजार केवढा' असा प्रश्न आला. मला ठाऊक होता तो आठवडी बाजार. त्यांना हवा होता तो निराळा. देशात आदिवासी मुले किती, त्यांतली शेकडा एक जरी आपल्याकडे आली तर किती, असा तो हिशेब. शेवटी त्यांनी सांगितले की एक चेहरा पाहिजे. एखाद्या मुलीची गोष्ट अशी सांगा की परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे.

येथे माझी चूक झाली. माझ्या मोबाईलमध्ये वर्गातल्या एका मुलीचा फोटो होता. केस विस्कटलेले, अंगावर जुना फ्रॉक, डोळे मोठे. तो फोटो पडद्यावर लागला आणि त्याच्याखाली अक्षरे आली की हिने शाळा कधी पाहिलीच नाही. मी ती अक्षरे वाचली आणि काही बोललो नाही. माझ्यातल्या कादंबरीकाराला वाटले, एवढे चालायचेच. मास्तराला मात्र पक्के ठाऊक होते की ही पोरगी रोज शाळेत जाते आणि संध्याकाळी सर्वांच्या आधी येऊन चटई अंथरते.

बक्षीस मिळाले नाही. पण त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत टोल्यावर पोचला. पंधरा दिवसांनी त्या मुलीची आई माझ्या ओसरीवर येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, माझी पोरगी शाळेत जात नाही, असं तुम्ही सांगितलं?"

"तसं नसतं अक्का, तिकडे सांगायची एक पद्धत असते," असे काहीतरी मी बोलू लागलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मी तिला रोज पाठवते ते कशाला?"

मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी या विषयाचा जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

शाळेला पैसा देणारे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. देणगीदार देतो तो पैसा परत मागत नाही. गुंतवणूकदार देतो तो वाढवून परत मागतो. दोघेही आपापल्या जागी ठीक आहेत. घोटाळा होतो तो दोघांना एकाच मांडवात बसवून दोघांपुढे एकच भाषा बोलल्याने. आपल्याकडे शाळा हा नफ्याचा धंदा म्हणून चालविता येत नाही. २००२ साली टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या वाढीपुरती वाजवी शिल्लक मान्य केली, पण नफेखोरी मान्य केली नाही. त्यामुळे नफा शोधणारा पैसा शाळेच्या दारातून न येता बाजूच्या खिडकीतून येतो. शिकवणी, ॲप, अभ्याससाहित्य, चाचण्या अशा रूपांनी. कायद्याने त्याला मोकळीक आहे आणि चांगली वस्तू विकून चार पैसे मिळविण्यात पापही नाही. माझा त्याला प्रश्न एवढाच, की परतावा कोणाच्या खिशातून येणार?

तो आईबापांच्या खिशातून येणार, दुसरा खिसा आहेच कोठे? पडद्यावर 'बाजार' म्हणून जो मोठा आकडा झळकतो, ती आईबापांनी मुलांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांची बेरीज असते. आमच्या भागात तो पैसा मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडून मिळतो. तेव्हा गुंतवणूकदारापुढे बोलणाऱ्याने बेरीज सांगताना तो पैसा कसा जमतो, हेही सांगावे.

हे मी कल्पनेने बोलत नाही. 'बायजूज'ची हकीकत सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली. २०११ साली ही कंपनी निघाली. २०१९ पासून २०२३ पर्यंत भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर तिचे नाव होते. २०२२ मध्ये गुंतवणूकदारांनी तिची किंमत २२ अब्ज डॉलर धरली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, पालकांच्या गळ्यात कर्जासकट अभ्यासक्रम मारले जातात अशा तक्रारींवरून, राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखाला बोलावणे धाडले. जून २०२३ मध्ये हिशेबतपासनीस कंपनीने, ताळेबंद वेळेवर मिळत नाहीत असे कारण देऊन, काम सोडले. जुलै २०२४ मध्ये बंगळूरच्या कंपनी न्यायाधिकरणाने तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि ती मागणी कोणाची होती? सदऱ्यावरच्या नावाचे १५८ कोटी रुपये थकले म्हणून क्रिकेट मंडळाची! जगातल्या मोठमोठ्या धनिकांनी या कंपनीत पैसा ओतला होता. त्यांना पडद्यावरचे आकडे दिसले. वही वेळेवर तयार होत नाही, हे मात्र फार उशिरा दिसले. आमच्या बाजारातल्या किराणा दुकानदाराने वही न बघता कोणाला मिठाचा पुडा उधार दिला नसता.

मग शाळेसाठी मागावे कसे? हे शिकावयास आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात शाळेसाठी मागण्याची थोर परंपरा आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन दिले. त्यात त्यांनी दया मागितली नाही. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हा जमाखर्च त्यांनी आधी मांडला. मग मागणी केली: निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. शिकवावयाचे काय, तेही सांगितले. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची मूलतत्त्वे, नीती आणि आरोग्य. शिक्षक कोठून आणावेत, तर शेतकरी वर्गातून. त्यांना पगार किती, तर कोणत्याही परिस्थितीत १२ रुपयांहून कमी नाही आणि मोठ्या गावांत १५ किंवा २०. आज एखाद्या सल्लागाराने हा कागद हातात घेतला, तर मास्तरांच्या पगाराचा भाग प्रथम गाळील, कारण तो पडद्यावर शोभत नाही. माझ्या मते त्या मागणीचा जीव तेथेच आहे. ज्याने शाळा चालविली आहे त्यालाच ठाऊक असते की शाळा पगारावर उभी असते. आणि जोतीरावांनी पहिली शाळा १८४८ सालीच काढली होती.

दुसरे महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला आणि हिंगणे ते फर्ग्युसन कॉलेज असे पायी जाऊन गणित शिकवीत, जमेल तेथे वर्गणी गोळा केली. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपये दिले. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. १९२१ साली पुण्याहून पहिल्या पदवीधर स्त्रिया बाहेर पडल्या त्या पाच. आज कोणी पडद्यावर 'पाच' असा आकडा लावील काय? कर्व्यांनी दात्याच्या आईचे नाव दिले, पण स्त्रियांनी शिकावे या हेतूला मुरड घातली नाही.

तिसरे कर्मवीर भाऊराव पाटील. यांची गोष्ट मला विशेष मोलाची वाटते, कारण हा मनुष्य विक्रीच्या धंद्यात मुरलेला होता. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले होते. गिऱ्हाईक कसे वळवावे, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. घराघरांतून मूठमूठ धान्य जमे. मूठ देणारी बाई दुसऱ्या दिवशी वसतिगृहात डोकावू शके; आपले धान्य कोणाच्या ताटात पडले, हे तिला डोळ्यांनी दिसे. धान्य अपुरे पडले तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. ज्या मनुष्याने स्वतःच्या घरातले सोने आधी विकले, त्याच्या मागणीला वेगळा पुरावा लागत नाही. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे नाव बदला, मोठी देणगी देतो, असे कोणी म्हणाले असता त्यांनी ती नाकारली, अशी आठवण त्या भागात आजही सांगतात. कर्व्यांनी नाव स्वीकारले, भाऊरावांनी नाकारले. दोघांनीही, आपण कोणासाठी मागत आहोत, हे आधी ठरविले होते. मी ते ठरविले नव्हते. म्हणून माझ्या हातून एका मुलीचा चेहरा गेला.

आता आमच्या बाजूचेही थोडे ऐका. दोष सगळा पैसेवाल्यांचा आणि सल्लागारांचा आहे, असे म्हणून मास्तरांना सुटता येणार नाही. आमची मागणीपत्रे कशी असतात? पहिल्या परिच्छेदात 'दुर्गम, अतिदुर्गम, नक्षलग्रस्त' अशी विशेषणांची उतरंड, दुसऱ्यात 'ज्ञानगंगा' आणि 'तळागाळातील', तिसऱ्यात दात्याच्या उदार अंतःकरणाची स्तुती, आणि शेवटी एक गोल रक्कम, तीही कशासाठी हे न सांगता. कंपनी कायदा २०१३ मध्ये आला आणि एप्रिल २०१४ पासून ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे भाग पडले. तेव्हापासून अशी पत्रे लिहिण्याचा जणू कारखानाच निघाला आहे. पैसा देणारा गोंधळून जातो आणि ज्याचा फोटो चांगला येईल ते देऊन मोकळा होतो. दप्तरे येतात, रंगीत भिंती येतात. शिकविणाऱ्या मुलीचा पगार फोटोत येत नाही. तो राहून जातो.

म्हणून मला असे वाटते की मागणारा आणि देणारा, दोघांनीही प्रत्येक मागणी पाच प्रश्नांनी तपासावी.

पहिला प्रश्न: यात सर्वांत मागे पडलेल्या मुलाचे काय होणार? हुशार मूल कोणत्याही योजनेत शिकते, त्यावरून योजनेची परीक्षा होत नाही. घरी मोबाईल नसलेले, शाळेची भाषा न समजणारे मूल पुढे ठेवून विचारावे.

दुसरा प्रश्न: शिकविणारे कोण आणि त्यांना महिन्याला काय मिळणार? याचे उत्तर कागदावर नसेल, तर तो कागद शाळेचा नाही असे खुशाल समजावे.

तिसरा प्रश्न: काय जमले नाही? माझ्या वर्गाचे मी सांगतो. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा पडतो आणि गेल्या तीन वर्षांत मला त्यावर तोड सापडलेली नाही. हे सल्लागारांनी माझ्या कागदातून काढून टाकले होते. मला उलट वाटते की दात्याने ही ओळ शोधावी आणि ती नसेल तर विचारावी. अपयशाची ओळ लिहिणारा मनुष्य सहसा हजेरीचा आकडा फुगवीत नाही.

चौथा प्रश्न: पैसा थांबला किंवा वाट बंद झाली, तर काय उरणार? पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा जगाशी संबंध तुटल्याच्या बातम्या आम्ही कित्येक पावसाळे वाचत आलो आहोत. अशा वेळी विजेवर आणि नेटवर्कवर चालणारी शाळा बंद पडते. टोल्यावर राहणारी मुलगी मात्र शिकवीत राहते.

पाचवा प्रश्न: ही मागणी त्या मुलांच्या आईबापांना वाचून दाखविली आहे काय? आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा गाव आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तेथे गावाचे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात आणि विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतात. बाहेरचा कोणीही शहाणा योजना घेऊन आला, तरी ती आधी गावाला समजली पाहिजे. जे जंगलाच्या बाबतीत, ते मुलांच्या बाबतीत का नको? परीक्षकांच्या मंडळात एक तरी आई बसवा. मग पडद्यावर काय येईल आणि काय येणार नाही, ते पाहू.

या प्रश्नांना धरून मी माझी मागणी पुन्हा लिहिली. स्पर्धेत ती अशी होती: 'गडचिरोलीच्या दहा हजार वंचित बालकांचे भवितव्य उजळणारा क्रांतिकारी उपक्रम.' आता ती अशी आहे: 'आमच्या टोल्यावर ४० मुले आहेत. ती माडिया बोलतात आणि पुस्तक मराठीत आहे. टोल्यावरची एक मुलगी रोज दोन तास दोन्ही भाषांत शिकविते. तिच्या पगारासकट वर्षाचा खर्च ८०,००० रुपये. तेंदूच्या दिवसांत निम्मी मुले येत नाहीत. हजेरीची वही कोणीही येऊन पाहावी.' पहिले वाक्य कोणत्याही गावाला, कोणत्याही योजनेला चिकटविता येईल. दुसरी मागणी फक्त आमच्या टोल्याची आहे आणि तिच्यातले प्रत्येक वाक्य तपासून पाहता येते. माझ्या समजुतीप्रमाणे, मागणी सुधारणे म्हणजे एवढेच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 'गुरुजी, तुम्ही चाळिसांतच रमणार. मग देशातल्या कोट्यवधी मुलांचे काय? मोठा विचार केल्याशिवाय मोठे काम होते का?' मोठ्या विचाराशी माझे भांडण नाही. रयत शिक्षण संस्थेच्या शाळांची संख्या आज शेकड्यांनी मोजावी लागते. पण तिचा वड काल्याला रुजला आणि मग फांद्यांना पारंब्या फुटल्या. पारंब्यांचे चित्र आधी पडद्यावर लावून मग खोडासाठी पैसा मागितला गेला नाही. आमच्याच भागात हेमलकसा आहे. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तो दवाखान्यापासून. शाळा निघाली १९७६ साली. मधली वर्षे माणसांची ओळख होण्यात, भाषा शिकण्यात गेली असतील, तर ती वाया गेली असे कोण म्हणेल? गुंतवणूकदाराला तीन वर्षांत दसपट हवी असते. मूल मात्र पहिलीतून चौथीत जाण्यासच तीन वर्षे घेते आणि कोणत्याही भांडवलाने त्याला त्याहून लवकर वाढविता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मास्तर, तुम्हांला बक्षीस मिळाले नाही म्हणून ही जळजळ. तोही खोटा म्हणवत नाही. मिळाले असते तर कदाचित मी गप्पच बसलो असतो आणि ती बाई ओसरीवर आली असती तरी तिला मिठाई देऊन वाटेला लावले असते. म्हणूनच वाटते की ही तपासणी एकट्या मागणाऱ्याच्या सदसद्विवेकावर सोडू नये. गरज मोठी असली की मनुष्य घसरतो. कादंबरीकार असला तर जरा लवकर घसरतो.

आणि वाचकहो, हा प्रश्न मोठ्या धनिकांचाच आहे असे समजून पान उलटू नका. तुमच्या दारातही कोणी ना कोणी येतोच. एखादा गोड बोलणारा तरुण तुमच्या मुलाची फुकट चाचणी घेतो, 'मूल हुशार आहे, पण पाया कच्चा आहे' असे सांगतो आणि हप्त्यांचा कागद पुढे करतो. एखादी संस्था दिवाळीनिमित्त देणगीचे आवाहन पाठविते आणि त्यावर एका मुलीचा फोटो असतो. दोघांनाही तेच पाच प्रश्न विचारा. देणगी देऊ नका असे मी म्हणत नाही. अवश्य द्या, पण वही मागून द्या. आणि तो फोटो पाहताना मनात एकदा विचारा, हिच्या आईने हा पाहिला असेल काय?

त्या प्रसंगानंतर मी दोन गोष्टी केल्या. स्पर्धेच्या चालकांना पत्र लिहून ती मुलगी रोज शाळेत जाते, असे कळविले आणि फोटो काढून टाकण्यास सांगितले. फोटो निघाला, उत्तर आले नाही. मग नवी मागणी घेऊन टोल्यावर गेलो आणि गोटुलाच्या अंगणात ती वाचून दाखविली. शिकविणाऱ्या मुलीने ती माडियात सांगितली. माणसे बराच वेळ आपसांत बोलली. 'वंचित' हा शब्द आता त्यात नव्हता, त्यामुळे त्याचा अर्थ सांगण्याची वेळ आली नाही. त्या मुलीच्या आईने एकच दुरुस्ती सुचविली. ती म्हणाली, "तेंदूच्या दिवसात पोरं येत नाहीत असं लिहिलं, ते खरं आहे. पण पाऊस लागला की परत येतात, तेही लिहा."

मी ते लिहिले. तीन वर्षे हजेरीची वही माझ्याच हातात होती. पण ही ओळ मला दिसली नव्हती.

८०,००० पैकी ५४,००० रुपये आतापर्यंत जमले आहेत. २६,००० कमी आहेत. जमेची आणि खर्चाची वही यंदा टोल्यावर लक्ष्मीपूजनाला ठेवावयाची, असे मुलांनी ठरविले आहे. चटई कोणी अंथरावयाची, हे ठरविण्याची गरज पडली नाही.